तक्रारीमागून येणारी बदली आणि तिची चौकशी

सरकारी कार्यालयातील गैरव्यवहाराची तक्रार वरिष्ठांपर्यंत पोहोचली की त्यातून दोन चौकशा उद्भवू शकतात. एक मूळ गैरव्यवहाराची. दुसरी, तक्रार करणाऱ्याला त्यापायी शिक्षा भोगावी लागली काय, याची. पहिल्या चौकशीसाठी मुंबईत यंत्रणांची वाण नाही. लाचलुचपत प्रतिबंधक विभाग आहे, सीबीआय आहे, लोकायुक्त आहेत आणि प्रत्येक केंद्रीय उपक्रमाचे स्वतःचे दक्षता खाते आहे. दुसरी चौकशी हेच ज्याचे पूर्णवेळ काम आहे असा अधिकारी मात्र अंधेरी-बोरिवलीच्या पट्ट्यात शोधून सापडत नाही आणि घाटकोपर-मुलुंडच्या पट्ट्यातही नाही. ते काम चार-पाच दारांत विभागले गेले आहे. कोणत्या कर्मचाऱ्याने कोणते दार ठोठवायचे हे तो कोणाच्या आस्थापनेवर आहे यावर ठरते.

मराठी वृत्तपत्रांनी 'व्हिसलब्लोअर'साठी 'जागल्या' हा शब्द रूढ केला. शब्द समर्पक असला तरी त्यात एक अंतर राहते. गावच्या जागल्याला रात्री हाळी देण्यासाठी गावानेच नेमलेले असे. कार्यालयातील जागल्याला ते काम कोणी सांगितलेले नसते आणि त्याची हाळी ज्यांच्या कानावर पडते त्यांच्याच हाती त्याचा गोपनीय अहवाल असतो.

असा स्वतंत्र तपास अधिकारी जगात कोठे असतो, याचे सर्वांत ठळक उदाहरण अमेरिकेचे. तेथील कामगार खात्याच्या अखत्यारीतील 'ओशा' ही संस्था मुळात कारखान्यांतील सुरक्षिततेसाठी १९७० च्या कायद्याने जन्माला आली. त्याच कायद्याच्या ११(क) कलमाने तक्रारदार कामगारावर आकसाने कारवाई करण्यास मनाई केली आणि तिची चौकशी या संस्थेकडे सोपवली. पुढे विमानवाहतूक, अणुऊर्जा, रोखेबाजार, अन्नसुरक्षा अशा वीसहून अधिक कायद्यांतील तक्रारदारांच्या संरक्षणाचे काम तिच्याकडे आले. मुदती मात्र एकसारख्या नाहीत. सुरक्षिततेच्या मूळ कायद्याखाली कारवाई झाल्यापासून अवघ्या ३० दिवसांत अर्ज करावा लागतो, तर २००२ च्या सार्बेन्स-ऑक्सले कायद्याखाली १८० दिवस मिळतात. तिथल्या केंद्र सरकारच्या नोकरांसाठी 'ऑफिस ऑफ स्पेशल काउन्सेल' हे वेगळे कार्यालय आहे.

चार प्रश्न

या तपास अधिकाऱ्याची कामाची रीत समजून घेण्याजोगी आहे, कारण कोणत्याही देशात, कोणत्याही न्यायाधिकरणापुढे ही चौकशी झाली तरी अखेर त्याच चार प्रश्नांपाशी येते. कर्मचाऱ्याने कायद्याने संरक्षित अशी तक्रार केली होती काय? कारवाई करणाऱ्याला ती ठाऊक होती, निदान तसा संशय होता काय? कर्मचाऱ्याचे प्रत्यक्ष नुकसान झाले काय? आणि या दोहोंचा परस्परसंबंध आहे काय?

पहिला आणि तिसरा प्रश्न कागदावर सुटतात. खरी मेहनत दुसऱ्या आणि चौथ्यावर पडते. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. मुलुंडमधील एका केंद्रीय कार्यालयातील लेखापालाने देयकांतील गोंधळाची तक्रार मार्च महिन्यात केली. जूनमध्ये त्याची नागपूरला बदली झाली. आदेशात कारण एकच, 'प्रशासकीय निकड'. कोणत्याही बदली आदेशात तेच असते. चौकशी करणाऱ्याला या दोन शब्दांच्या मागे जायचे असते. तो आवक-जावक नोंदवही मागवतो. तक्रारीची प्रत कोणत्या तारखेला कोणाच्या टेबलावर आली हे पाहतो. बदलीच्या नस्तीवरील पहिली टिपणी कोणी व केव्हा लिहिली, हा त्याचा पुढचा प्रश्न. ती टिपणी तक्रारीआधीची असेल तर बदलीचा विचार आधीपासून होता, असे मानण्यास जागा राहते. तक्रारीनंतर आठ दिवसांनी कोऱ्या कागदावर नस्ती उघडलेली दिसली तर प्रकरणाचा रंग बदलतो.

मग तुलना. त्याच वर्षी, त्याच पदावरील, तेवढीच सेवा झालेल्या किती जणांच्या बदल्या झाल्या? नागपूरचे पद किती महिने रिकामे होते? ते भरण्याची निकड जूनमध्येच का भासली? गेल्या पाच वर्षांचे गोपनीय अहवाल 'उत्कृष्ट' आणि तक्रारीनंतरचा एकदम 'साधारण' असेल तर तो शेरा लिहिणाऱ्याला कारण द्यावे लागते. साक्षी त्यानंतर घेतल्या जातात, आणि त्याही शिपाई, टंकलेखक, आस्थापना शाखेतील कारकून अशा माणसांच्या. साहेबांच्या केबिनमध्ये काय बोलले गेले ते पुष्कळदा त्यांनाच ठाऊक असते. अर्थात त्यांनाही त्याच कार्यालयात नोकरी करायची असते.

सगळाच आकस बदलीच्या रूपाने येत नाही. वेतनवाढ रोखणे, जुने किरकोळ प्रकरण उकरून दोषारोपपत्र देणे, काम काढून घेऊन नुसते बसवून ठेवणे, सरकारी निवासस्थान सोडण्याची नोटीस, रजा नाकारणे, हे सारे त्याचेच प्रकार. अनुभवी चौकशी अधिकारी दुसऱ्या बाजूनेही सावध असतो. खातेनिहाय चौकशीची कुणकुण लागल्यावर घाईघाईने तक्रार करून 'जागल्या' झालेले कर्मचारीही असतात. म्हणूनच तारखांचा क्रम दोन्ही अंगांनी तपासावा लागतो.

गोपनीयतेचा पेच

या कामातील सर्वांत अवघड गाठ भारतातील पद्धतीत अधिकच घट्ट बसते. तक्रारदाराचे नाव गुप्त ठेवणे हे त्याचे पहिले संरक्षण. पण नाव खरोखरच गुप्त राहिले तर खाते म्हणते, तक्रार कोणी केली हेच आम्हाला ठाऊक नव्हते, मग आकस कसला? आकस सिद्ध करायचा तर 'त्यांना ठाऊक होते' हे दाखवावे लागते. ते दाखवण्यासाठी तक्रारदाराला स्वतःहून उजेडात यावे लागते. दहा-बारा जणांच्या शाखेत एखादे देयक कोणाच्या हाताखालून गेले हे सर्वांना माहीत असते, त्यामुळे नाव कागदावर नसले तरी अंदाज बांधला जातोच. अमेरिकेतील चौकशीत असा नुसता संशयही 'माहिती' म्हणून धरला जातो. आपल्याकडे असा नियम लिखित स्वरूपात नाही.

गोपनीयतेचा प्रश्न देशापुढे आला तो सत्येंद्र दुबे यांच्या मृत्यूने. कानपूर आयआयटीचे पदवीधर असलेले दुबे राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणात अभियंता होते आणि झारखंडमध्ये सुवर्ण चतुष्कोन प्रकल्पावर काम करीत होते. कामातील गैरप्रकारांविषयी त्यांनी २००२ मध्ये पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिले आणि नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली. पत्र नावासकट खात्यांत फिरले. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गया येथे त्यांचा गोळ्या घालून खून झाला. २०१० मध्ये न्यायालयाने तिघांना दोषी ठरवले. सीबीआयच्या तपासाने खुनामागे लुटीचा हेतू मानला होता. त्या निष्कर्षावर अनेकांचे समाधान झाले नाही. मात्र पत्रातील नाव फुटले होते, याविषयी वाद नाही.

विधी आयोगाने डिसेंबर २००१ मधील आपल्या १७९ व्या अहवालात तक्रारदारांच्या संरक्षणासाठी कायद्याचा मसुदा देऊन ठेवला होता. दुबे यांच्या खुनानंतर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २१ एप्रिल २००४ रोजी केंद्र सरकारने कायद्याऐवजी एक ठराव काढला. हाच तो 'पिडपी' ठराव. त्याने केंद्रीय दक्षता आयोगाला तक्रारी स्वीकारणारी यंत्रणा म्हणून नेमले. ऑगस्ट २०१३ मध्ये दुरुस्ती होऊन मंत्रालयांच्या मुख्य दक्षता अधिकाऱ्यांनाही तो अधिकार मिळाला.

ठरावाखालील तक्रारीची रीत ठरलेली आहे. ती बंद लिफाफ्यात पाठवायची. लिफाफ्यावर ती जनहितार्थ प्रकटनाची तक्रार असल्याचे लिहायचे, पण पाठवणाऱ्याचे नाव लिहायचे नाही. नाव-पत्ता आतील पत्राच्या सुरुवातीला किंवा शेवटी, अथवा वेगळ्या कागदावर द्यायचा. टपाल खात्यानेही अशा लिफाफ्यांवर पाठवणाऱ्याच्या नावाचा आग्रह धरू नये, अशा सूचना दिल्या आहेत. निनावी तक्रार मात्र विचारात घेतली जात नाही. आयोग पोच देत नाही, तक्रार खरोखर त्याच व्यक्तीची आहे ना याची खातरजमा तेवढी करतो, आणि नाव झाकून मजकूर पुढे पाठवतो. मजकुरातून ओळख पटणार नाही अशा बेताने तो लिहावा आणि तरीही तपशील पडताळता येईल इतका नेमका असावा, अशी आयोगाची सूचना आहे. दोन्ही गोष्टी एकाच पत्रात साधणे किती कठीण असते, हे ज्याने असे पत्र लिहून पाहिले त्यालाच कळावे.

तक्रारीमुळे छळ होत असल्यास त्याच आयोगाकडे दाद मागता येते, आणि आयोग खात्याला योग्य ते निर्देश देऊ शकतो. एवढी तरतूद ठरावात आहे.

कागदावरचा कायदा

तिला कायद्याचे बळ देणारे विधेयक २०१० मध्ये संसदेत मांडले गेले. लोकसभेने ते डिसेंबर २०११ मध्ये आणि राज्यसभेने २१ फेब्रुवारी २०१४ रोजी संमत केले. ९ मे २०१४ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. हाच जागल्या संरक्षण अधिनियम. त्याचे ११ वे कलम या विषयाचा गाभा आहे. छळाची तक्रार झाली की कारवाई आकसाची नव्हती हे सिद्ध करण्याची जबाबदारी या कलमाने खात्यावर टाकली. सक्षम प्राधिकाऱ्याला कर्मचाऱ्याची पूर्वस्थिती बहाल करण्याचा, म्हणजे बदली वा निलंबन फिरवण्याचा आदेश देता आला असता. आदेश न पाळणाऱ्यास ३० हजार रुपयांपर्यंत दंड, आणि तक्रारदाराचे नाव फोडणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व ५० हजार रुपयांपर्यंत दंड अशी तरतूद होती. जाणूनबुजून खोटी तक्रार करणाऱ्यासही दोन वर्षांपर्यंत कैद होती. 'छळ' म्हणजे नेमके काय, याची व्याख्या मात्र अधिनियमात नव्हती आणि ही त्याची मोठी उणीव मानली गेली.

व्याख्येपर्यंत वेळ आलीच नाही. अधिनियम अमलात येण्याची तारीख अधिसूचनेने ठरायची होती आणि ती अधिसूचना आजतागायत निघालेली नाही. मे २०१५ मध्ये लोकसभेने एक दुरुस्ती विधेयक संमत केले. देशाची सुरक्षितता, व्यापारी गुपिते आदी दहा विषयांवरील प्रकटन त्याने वगळले आणि शासकीय गुपिते अधिनियमापासूनचे संरक्षणही काढून घेतले. राज्यसभेत ते अडकले आणि २०१९ मध्ये लोकसभा विसर्जित झाल्यावर व्यपगत झाले. मूळ अधिनियम तसाच पडून राहिला. भ्रष्टाचारविरोधी संयुक्त राष्ट्र करारावर भारताने २०११ मध्ये शिक्कामोर्तब केले असून त्याचा ३३ वा अनुच्छेद तक्रारदारांच्या संरक्षणाविषयीच आहे.

कोणाचे दार कोणते

उपनगरांतील नोकरदारांपुढे आज असलेले चित्र असे. माहुलचे तेलशुद्धीकरण कारखाने, चेंबूरची राष्ट्रीय केमिकल्स, ट्रॉम्बेचे भाभा अणुसंशोधन केंद्र, विमानतळ प्राधिकरण, दोन्ही रेल्वे, हे सारे केंद्राचे. येथील कर्मचाऱ्याला पिडपी ठराव लागू होतो. प्रत्यक्ष तपास बहुधा त्या-त्या संस्थेच्या मुख्य दक्षता अधिकाऱ्याकडे येतो. रेल्वेत ही जबाबदारी विभागीय मुख्यालयातील वरिष्ठ उपमहाव्यवस्थापक सांभाळतात. मुख्य दक्षता अधिकारी बाहेरच्या सेवेतून आलेला असला तर त्याला मोकळीक अधिक. पण तोही व्यवस्थापनाच्या इमारतीत बसतो आणि सल्ला देतो. आदेश व्यवस्थापनाचा असतो. सरकारी खात्यातील कर्मचाऱ्याला आणि अधिसूचित संस्थांतील कर्मचाऱ्यांनाही बदलीविरुद्ध केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे जाता येते. तेथे अर्जाची मुदत एक वर्षाची आहे.

राज्य शासनाचा कर्मचारी, मग तो वांद्र्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयातील असो वा बोरिवलीच्या पोलीस ठाण्यातील, पिडपी ठरावाच्या कक्षेत येत नाही. त्याचे दार महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाचे. बदल्यांच्या बाबतीत त्याच्या हाती एक चांगले हत्यार आहे. २००५ च्या बदल्यांविषयक अधिनियमाने साधारण तीन वर्षांचा कार्यकाळ ठरवून दिला असून त्याआधी बदली करायची तर विशेष कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि वरिष्ठ सक्षम अधिकाऱ्याची पूर्वसंमती घ्यावी लागते. आकस सिद्ध करणे दुरापास्त असते. कारणच नोंदवले नाही, हे दाखवणे त्या मानाने सोपे. अनेक मुदतपूर्व बदल्या या तांत्रिक मुद्द्यावरच रद्द होतात. पण अशा निकालात आकसाविषयी एक शब्दही नसतो आणि ज्याने आदेश काढला त्याच्या सेवापुस्तकात काही उमटत नाही.

सर्वांत कोंडी महापालिका कर्मचाऱ्याची. अंधेरीच्या के पूर्व विभागातील किंवा घाटकोपरच्या एन विभागातील दुय्यम अभियंत्याला ना दक्षता आयोगाचे दार, ना प्रशासकीय न्यायाधिकरणाचे. देशात पहिल्यांदा लोकायुक्त नेमण्याचा मान महाराष्ट्राचा. त्या १९७१ च्या कायद्याखाली पालिकेतील भ्रष्टाचाराची तक्रार लोकायुक्तांकडे नेता येत होती, पण नेमणूक, शिस्तभंग, सेवाशर्ती हे विषय गाऱ्हाण्यांच्या कक्षेतून वगळलेले होते. म्हणजे रस्त्याच्या कामातील घोटाळ्याची चौकशी व्हायची आणि ती मागणाऱ्याच्या शिक्षेची नाही. कामगार या व्याख्येत बसणाऱ्यांना १९७१ च्याच अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध कायद्याने औद्योगिक न्यायालयाची वाट दिली. व्यवस्थापकीय धोरणाच्या आडून दुष्ट हेतूने केलेली बदली ही त्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत अनुचित प्रथा म्हणून नोंदलेली आहे आणि तक्रारीची मुदत ९० दिवसांची. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या केंद्रीय औद्योगिक संबंध संहितेतही अनुचित प्रथांची अनुसूची आहे. अधिकारी श्रेणीतील अभियंत्याला उच्च न्यायालयात रिट याचिकेशिवाय फारसा पर्याय उरत नाही.

न्यायालयात गेल्यावरही हेतूचा प्रश्न येतोच, फक्त तो तक्रारदाराकडे वळलेला असू शकतो. अणुऊर्जा महामंडळाचे मुख्यालय अणुशक्तीनगरात आहे. त्याच्या गुजरातमधील काक्रापार प्रकल्पात जून १९९४ मधील अतिवृष्टीत पाणी शिरले. ती माहिती वृत्तपत्राला दिल्याबद्दल एका कर्मचाऱ्यास नोकरी गमवावी लागली. मनोज मिश्रा विरुद्ध भारत सरकार या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये कारवाई कायम ठेवली. जागल्या म्हणवून घेण्यासाठी मूळ हेतू जनहिताचा असावा लागतो आणि या कर्मचाऱ्याचे वर्तन त्या निकषात बसत नाही, असे न्यायालयाने म्हटले. योगायोग असा की ब्रिटनने त्याच वर्षी कायदा बदलून 'सद्हेतू' ही संरक्षणाची पूर्वअट काढून टाकली. हेतू शुद्ध नसेल तर भरपाई कमी करता येते, एवढेच तिथे शिल्लक राहिले. भारतीय न्यायालयांनी बदलीच्या कायद्यात मात्र कर्मचाऱ्याला आधार दिला आहे. सोमेश तिवारी प्रकरणात (२००९) शिक्षेऐवजी केलेली बदली बेकायदा ठरते, असा स्पष्ट निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने दिला. बदली हा सेवेचा भाग आहे, हे खात्यांचे ठरीव उत्तर या निकालापुढे टिकत नाही. अट एकच, की तिचे रूप शिक्षेचे होते हे नस्तीतून दिसले पाहिजे.

खासगी क्षेत्रात चित्र थोडे निराळे. कंपनी कायदा २०१३ च्या १७७ व्या कलमाने सर्व सूचीबद्ध कंपन्यांना अंतर्गत दक्षता यंत्रणा सक्तीची केली. तक्रारदाराला लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्षांपर्यंत थेट जाता यावे आणि त्याचा छळ होऊ नये, अशी तरतूद त्यात आहे. तपास अर्थातच कंपनीच्याच घरचा. सरकारी तपासाच्या सर्वांत जवळ जाणारी व्यवस्था वांद्रे-कुर्ला संकुलातील सेबीत २०१९ च्या अखेरीस उभी राहिली. अंतर्गत माहितीच्या आधारे होणाऱ्या शेअर व्यवहारांची खबर देणाऱ्यांसाठी तेथे स्वतंत्र माहितीदार संरक्षण कार्यालय आहे. खबर देणाऱ्या कर्मचाऱ्याला काढणे, पदावनत करणे किंवा धमकावणे कंपनीच्या आचारसंहितेनेच निषिद्ध केले पाहिजे, असा नियम आहे. शिवाय वसुलीच्या दहा टक्क्यांपर्यंत बक्षीस मिळू शकते. त्याची कमाल मर्यादा आरंभी एक कोटी रुपये होती, ती २०२१ मध्ये दहा कोटी झाली.

कार्यालयाबाहेरून तक्रार करणाऱ्या नागरिकाचे नोकरीचे नुकसान होत नाही, पण जिवाचा धोका राहतो. तळेगाव दाभाडे येथील माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांचा १३ जानेवारी २०१० रोजी खून झाला, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून या प्रश्नाची दखल घेतली. ऑक्टोबर २०१६ मध्ये सांताक्रूझच्या कलिना भागात भूपेंद्र वीरा यांना त्यांच्या घरात गोळी घालण्यात आली. बेकायदा बांधकामांविरुद्ध ते तक्रारी करीत होते. अशा प्रकरणांत तपास पोलिसांकडे जातो आणि नोकरीतील आकसाची चौकशी करणाऱ्या कोणत्याही दाराचा तेथे संबंध येत नाही.

नोकरीतल्या माणसाला मात्र सर्वांत आधी दिनदर्शिका पाहावी लागते. दक्षता आयोगाच्या उत्तराची वाट पाहत औद्योगिक न्यायालयाचे ९० दिवस उलटून गेले, तर आधी विलंब माफ करवून घ्यावा लागतो. नव्या जागी रुजू झाल्यावर 'बदली स्वीकारली' असा युक्तिवाद होतो, म्हणून वकील रुजू अहवालातच लेखी हरकत नोंदवण्यास सांगतात. तक्रारीची प्रत, टपालाची पावती, आधीच्या वर्षांचे गोपनीय अहवाल आणि त्या वर्षीच्या बदल्यांची यादी हे कागद बदलीचा आदेश हाती पडण्यापूर्वीच जमवलेले असावेत. शेवटचे दोन माहिती अधिकारात मागता येतात, आणि अर्जाला उत्तर देण्याची मुदत ३० दिवसांची आहे.